‘बर्बर’ हा शब्द आणि अल्जीरियाची टक्केवारी

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या गेल्या रविवारच्या पुरवणीत अल्जीरियाविषयी आलेला लेख मी आवडीने वाचला. उत्तर आफ्रिकेवर मराठीत क्वचितच काही छापून येते, आणि त्यातही तेल, वायू व दहशतवाद बाजूला ठेवून तिथल्या माणसांविषयी कोणी लिहिले, याचे कौतुकच वाटले. मात्र लेखासोबतच्या चौकटीत ‘लोकसंख्या : अरब ८० टक्के, बर्बर २० टक्के’ अशी ओळ होती, आणि मजकुरात दोन ठिकाणी ‘बर्बर टोळ्या’ असा उल्लेख होता. ती ओळ आणि तो शब्द या दोन्हींविषयी मला काही सांगायचे आहे. बांधकाम क्षेत्रातल्या नोकरीनिमित्त मी त्या देशात, बेजाया बंदराच्या मागच्या डोंगराळ मुलखात, जवळजवळ तीन वर्षे काढली आहेत.

आधी शब्दाचे पाहू. ‘बर्बर’ मराठी वाचकाला नवा नाही. महाभारतात तो शक, यवन, पह्लव यांच्या पंक्तीत परक्या लोकांसाठी येतो; ज्यांचे बोलणे आपल्याला कळत नाही, नुसते ‘बर-बर’ ऐकू येते, ते बर्बर. ग्रीकांचा ‘बार्बारोस’ हा शब्दही असाच नादावरून घडलेला. ग्रीक-रोमनांचा हा शब्द अरबांच्या तोंडी ‘बर्बर’ होऊन उत्तर आफ्रिकेच्या मूळ रहिवाशांना कायमचा चिकटला, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. पण मराठीत आज ‘बर्बर’ म्हणजे रानटी, निर्दय. ‘बर्बर हल्ला’, ‘बर्बरतेचा कळस’ हे शब्दप्रयोग वर्तमानपत्रांत नेहमी दिसतात, आपल्याही पानांवर असतात. अशा भाषेत ‘बर्बर टोळ्या’ असे छापले, की वाचकाच्या मनात काय उभे राहील, हे वेगळे सांगायला नको. फ्रेंच किंवा इंग्रजीत निदान लोकांचे नाव आणि ती शिवी यांच्या वर्णलेखनात थोडा फरक तरी उरला आहे; आपल्याकडे तोही नाही. ते लोक स्वतःला ‘अमाझिग’ म्हणवतात, अनेकवचनी ‘इमाझिघेन’, आणि भाषेला ‘तमाझिग्त’. ‘अमाझिग’ म्हणजे ‘स्वतंत्र माणूस’ असा अर्थ ते अभिमानाने सांगतात. तो व्युत्पत्तीच्या कसोटीवर टिको वा न टिको, स्वतःचे नाव स्वतः सांगण्याचा अधिकार कोणालाही असावा. आपण मुंबईचे नाव सुधारून घेतले तेव्हा हेच म्हणत होतो.

आता ती ओळ. अल्जीरियाच्या जनगणनेत माणसाचा वंश नोंदवला जात नाही. त्यामुळे ८० आणि २० हे आकडे मोजणीतून आलेले नाहीत. घरात कोणती भाषा बोलली जाते याच्या अंदाजावरून ते मांडलेले आहेत, आणि असे अंदाज पंधरापासून तिसापर्यंत, मांडणाऱ्याच्या कलाप्रमाणे, बदलत जातात. काही संदर्भग्रंथांत याच देशापुढे ‘अरब-बर्बर ९९ टक्के’ असे लिहिलेले सापडते. दोन्ही आकडे एकाच देशाचे असून एकमेकांशी जुळत नाहीत असे वाटते, पण त्यांत विरोध नाही, कारण ते दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत. हे लोक मूळचे कुठले, असे विचारले तर जवळजवळ सगळेच थोड्याफार प्रमाणात त्याच मातीतल्या अमाझिग लोकांचे वारस ठरतात. ते आज घरात काय बोलतात, असे विचारले तर बहुसंख्य अरबी बोलतात. आपल्या चौकटीने दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर पहिल्या प्रश्नाखाली छापले आणि एका देशात शेजारी शेजारी राहणाऱ्या दोन वेगळ्या रक्तांचे चित्र उभे केले.

तसे ते का नाही, हे समजायला इतिहासाकडे थोडे वळावे लागते. ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकात मासिनिसा नावाचा राजा किर्ता, म्हणजे आजचे कॉन्स्टंटाइन, इथून नुमिडिया या जुन्या अमाझिग राज्यावर राज्य करीत होता. त्याचाच नातू जुगुर्था रोमशी लढला. ख्रिस्ती धर्मशास्त्राचा पाया घालणारा संत ऑगस्टीन इ. स. ३५४ मध्ये आजच्या सूक अहरास गावी जन्मला आणि अन्नाबा इथे बिशप झाला. हे सगळे अरब येण्यापूर्वीचे. सातव्या शतकात अरब सैन्ये आली, पण ती संख्येने तुटपुंजी होती. त्यांच्यामुळे धर्म बदलला, शहरांतून अरबी रुजली, मात्र डोंगर आणि वाळवंट आपल्याच भाषा बोलत राहिले. अकराव्या शतकाच्या मध्यावर बनू हिलाल आणि त्यांच्यासारख्या भटक्या अरब टोळ्या इजिप्तच्या बाजूने मगरिबात, म्हणजे इजिप्तच्या पश्चिमेकडच्या उत्तर आफ्रिकेत, उतरल्या. कैरोच्या फातिमी खलिफांनी आपल्याविरुद्ध गेलेल्या तिथल्या झिरी या राजघराण्यावर त्यांना सोडले, असा इतिहास सांगितला जातो. कुराणाबरोबर शहरांत आलेली अरबी या टोळ्यांच्या मेंढ्यांबरोबर मैदानांत आणि पठारांवर पोचली.

पण पुढची पाचसहाशे वर्षे जे घडले ते मला जास्त महत्त्वाचे वाटते, आणि ते शांतपणे घडले. माळावरच्या अमाझिग टोळ्यांनी हळूहळू शेजाऱ्यांची भाषा उचलली, लग्नसंबंध जोडले, आणि मग आपण मूळचे अरबच अशा वंशावळीही तयार केल्या. १३३२ मध्ये ट्यूनिसला जन्मलेल्या इब्न खल्दूनने आजच्या अल्जीरियातल्या फ्रेंदा गावाजवळच्या एका गढीत बसून आपल्या इतिहासग्रंथाची सुप्रसिद्ध प्रस्तावना लिहिली, आणि त्याच इतिहासात अमाझिग घराण्यांचा व टोळ्यांचा तपशीलवार वृत्तांत दिला. अरबी भाषा, पोशाख आणि तंबूतले जगणे पत्करून आपली जुनी बोली विसरत चाललेल्या टोळ्या त्याने पाहिल्या होत्या, आणि येमेनी पूर्वजांपर्यंत पोचणाऱ्या कित्येक वंशावळी त्याने शंकेखोरपणे तपासल्या होत्या. जनुकीय अभ्यासांनाही आज या देशातल्या अरबीभाषक आणि अमाझिगभाषक लोकांमध्ये ठळक सीमारेषा सापडत नाही. पूर्वेकडून आलेल्या अरबांचा अंश आहे, सहारापलीकडचाही आहे, पण तो दोन्हीकडे आहे.

आमच्या कामावरचा भांडारपाल सेतीफचा होता. त्याच्या घरात फक्त अरबी. एकदा दुपारच्या जेवणाला बोलता बोलता त्याने सांगितले, की त्याचे पणजोबा कबिली, म्हणजे कबिलिया या डोंगराळ मुलखातली अमाझिग बोली, बोलत, आजोबांना ती कळे पण ते बोलत नसत, आणि वडिलांपर्यंत ती संपली. हे सांगताना त्याच्या आवाजात ना खंत होती ना अभिमान. आमच्याकडे विहीर होती ती बुजली, असे सांगावे तसे त्याने सांगितले. तो स्वतःला अरब म्हणवत असे आणि ते बरोबरच होते. आपल्या चौकटीत त्याच्या पणजोबांना एका रकान्यात आणि त्याला दुसऱ्या रकान्यात टाकावे लागेल. मधल्या आजोबांचे काय करावे, ते मला सुचत नाही.

आमचा ड्रायव्हर मात्र कबिली. सकाळी गाडीत बसल्यावर पहिला फोन त्याच्या आईचा यायचा. ‘अझूल’ म्हणून नमस्कार, आणि मग ऑलिव्ह कधी उतरवायचे, घाण्यावर कोण जाणार, हे सगळे कबिलीत. पुढच्या नाक्यावर शिपायाशी दारजा, म्हणजे तिथली बोली अरबी, जी कैरोच्या माणसालाही चटकन कळत नाही. कचेरीत पोचल्यावर कागदपत्रांची भाषा फ्रेंच. टीव्हीवरच्या बातम्यांची प्रमाण अरबी त्याला समजे, पण ती बोलताना मी त्याला कधी ऐकले नाही. त्याच्या आजीला नमाजातले शब्द सोडले तर अरबी येत नव्हती. एकदा घार्दाइयाचा एक म्झाबी गवंडी कामावर आला. दोघेही अमाझिग, तेव्हा ते आपापल्या भाषेत बोलतील अशी माझी अपेक्षा होती. पण दोनचार वाक्यांनंतर दोघांनी दारजा धरली, कारण एकमेकांचे बोलणे पुरते उमगत नव्हते. मला एकदा ड्रायव्हरने विचारले, ‘तुम्ही घरी हिंदी बोलता ना?’ मी म्हटले, ‘नाही, मराठी.’ त्यावर तो खूश होऊन म्हणाला, ‘म्हणजे तुमचेही आमच्यासारखेच.’

‘बर्बर २० टक्के’ हा रकाना आतूनही एकजिनसी नाही, हे या म्झाबी गवंड्यावरून लक्षात यावे. कबिलियाचे कबिली सर्वांत बोलके आणि राजकारणात सर्वांत पुढे; पूर्वेला ओरेस पर्वतातले शावी; अल्जिअर्सच्या पश्चिमेला शेनुआ डोंगराच्या परिसरातले शेनुई; सहाराच्या काठावर म्झाबच्या पाच गावांत राहणारे, इस्लाममधल्या इबादी पंथाचे, व्यापारात मुरलेले म्झाबी; आणि अगदी दक्षिणेला होग्गारमध्ये तुआरेग. यांच्या बोली एका कुळातल्या आहेत, पण शावी माणूस स्वतःला आधी शावी म्हणवतो, आणि कबिली कार्यकर्त्यांनी त्याच्या वतीने बोललेले त्याला रुचतेच असे नाही. कबिली माणूस आपल्या वाचकांना अपरिचितही नाही. फुटबॉलपटू झिनेदिन झिदान फ्रान्समध्ये जन्मला, पण त्याचे आईवडील बेजायाजवळच्या अगुमून या कबिली खेड्यातले. आपल्याकडे त्याला सर्रास ‘अरब वंशाचा’ म्हटले जाते.

टक्केवारीचा प्रश्न तिथे इतका नाजूक का आहे, याचे कारण फ्रेंच राजवटीत आहे. १८३० मध्ये फ्रेंच अल्जिअर्सला उतरले, १८५७ मध्ये त्यांनी कबिलिया जिंकला. त्यानंतर त्यांच्या अधिकाऱ्यांनी आणि अभ्यासकांनी असे एक चित्र रंगवले, की कबिली हे कष्टाळू, स्थिर, जवळपास युरोपीय आणि वरवरचे मुसलमान, तर अरब आळशी, भटके आणि धर्मांध. फोडा आणि झोडा हे धोरण आपल्याला शिकवावे लागत नाही. विशेष म्हणजे ज्या कबिलींची एवढी स्तुती झाली, त्यांनीच १८७१ मध्ये मोकरानीच्या नेतृत्वाखाली मोठा उठाव केला, आणि तो मोडल्यावर त्यांच्या जमिनी जप्त झाल्या व कित्येकांना पार पॅसिफिकमधल्या न्यू कॅलेडोनियाला हद्दपार केले गेले. शेजारच्या मोरोक्कोत १९३० च्या फर्मानाने अमाझिग भागांसाठी वेगळी न्यायव्यवस्था आणण्याचा प्रयत्न झाला, तेव्हा त्याविरुद्धच तिथली राष्ट्रीय चळवळ पेटली. ‘अरब किती आणि बर्बर किती’ या प्रश्नाला तेव्हापासून वसाहतवादाचा वास येतो, आणि स्वातंत्र्यानंतरच्या सरकारांनी तो प्रश्नच नको अशी भूमिका घेतली, ती यामुळे समजण्यासारखी आहे. समर्थनीय मात्र नाही.

कारण प्रश्न विचारायचा नाही, एवढ्यावर ते थांबले नाहीत. स्वातंत्र्ययुद्ध १ नोव्हेंबर १९५४ ला पेटले त्यात शावींचे ओरेस अग्रभागी होते. १९५६ ची स्वातंत्र्ययोद्ध्यांची सूमाम परिषद कबिलियात भरली आणि तिचा सूत्रधार अबान रमदान कबिली होता. पण १९६२ मध्ये देश स्वतंत्र होताना पहिले नेते बेन बेला यांनी ‘आम्ही अरब आहोत’ असे तीनदा ठासून सांगितले, आणि १९६३ च्या संविधानात अरबी ही एकमेव राष्ट्रीय व अधिकृत भाषा झाली. या विचाराची एक बाजू मला नेहमी विस्मयकारक वाटते. धर्मसुधारक अब्दुलहमीद बेन बादीस यांनी अल्जीरियाची जनता मुसलमान आहे आणि अरबत्वाशी तिचे नाते आहे, अशी कविता रचली, जी शाळाशाळांत गायली गेली. आणि हेच बेन बादीस आपले कुळ सन्हाजा या जुन्या अमाझिग समूहातल्या झिरी घराण्यापर्यंत नेत. त्यांच्या लेखी त्यात विसंगती नव्हती. अरब असणे ही त्यांच्यासाठी भाषेची आणि धर्मसंस्कृतीची बाब होती, रक्ताची नव्हे. त्यांच्यानंतरच्या राज्यकर्त्यांनी त्यातला मोकळेपणा काढून टाकला आणि सक्ती तेवढी ठेवली.

मार्च १९८० मध्ये लेखक आणि अभ्यासक मुलूद मामेरी यांचे प्राचीन कबिली कवितेवरचे व्याख्यान तिझी उझूच्या विद्यापीठात होणार होते, ते सरकारने होऊ दिले नाही. व्याख्यान कवितेवरचे होते, हे पुन्हा सांगतो. त्यातून जे आंदोलन उभे राहिले ते ‘अमाझिग वसंत’ म्हणून ओळखले जाते, आणि २० एप्रिल हा दिवस कबिलियात आजही पाळला जातो. १९९४-९५ चे शालेय वर्ष कबिलियातल्या मुलांनी दप्तरे खाली ठेवून जवळजवळ पूर्ण वाया घालवले, तेव्हा कुठे तमाझिग्त शिकवायला सुरुवात झाली. २००१ मध्ये जंदार्म पोलिसांच्या कोठडीत एक तरुण गोळी लागून मेला आणि कबिलिया पेटला. त्या ‘काळ्या वसंतात’ सव्वाशेच्या आसपास माणसे मारली गेली. २००२ मध्ये तमाझिग्त राष्ट्रीय भाषा झाली, २०१६ मध्ये अधिकृत, आणि २०१८ पासून अमाझिग नववर्ष ‘येन्नायेर’, १२ जानेवारी, ही देशभर सुट्टी आहे. एवढे होऊनही २०१९ च्या जनआंदोलनात अमाझिग झेंडा हाती धरला म्हणून तरुण तुरुंगात गेलेच. आपल्या लेखात १९६२ वरून थेट १९९० च्या दशकातल्या यादवीवर उडी आहे. मधली आणि नंतरची ही सगळी कहाणी गळली, म्हणून ती इथे लिहिली.

भाषा अधिकृत झाली, पण ती लिहायची कोणत्या लिपीत, हा घोळ अजून मिटलेला नाही. कबिलियात शाळेत रोमन लिपी चालते, काही भागांत अरबी लिपीचा आग्रह आहे, आणि पाट्यांवर तुआरेगांनी जपलेली तिफिनाघ दिसते, जी बहुतेकांना वाचता येत नाही पण पाहायला आवडते. मोरोक्कोने २००३ मध्ये तिफिनाघ स्वीकारून हा वाद आपल्यापुरता संपवला. कोकणीच्या देवनागरी-रोमी वादात घरे विभागली गेलेली पाहिलेल्या गोमंतकीय वाचकांना यात नवे काही वाटणार नाही.

आणखी एक त्रुटी. ८० आणि २० मिळून शंभर झाले, म्हणजे तिथे तिसरे कोणीच नाही. तुर्की सैनिक आणि स्थानिक बायका यांची ‘कूलूघली’ संतती, स्पेनमधून हाकलल्यावर आलेली अंदालुसी घराणी, दक्षिणेतल्या मरूद्यानांत पिढ्यान्‌पिढ्या खजुरांची शेती कसणारे काळे हरातीन, हे कुठे गेले? १८७० मध्ये फ्रेंच नागरिकत्व मिळालेले तिथले ज्यू आणि सुमारे दहा लाख युरोपीय वसाहतवाले १९६२ च्या सुमारास देश सोडून गेले, ते आज मोजणीत येत नाहीत हे ठीक. पण हरातीन तिथेच आहेत, आणि अरब व अमाझिग यांच्या भांडणात दोघांनीही त्यांना विसरलेले आहे.

तुलनेसाठी मोरोक्कोचे उदाहरण देतो, कारण तिथे निदान प्रश्न नीट विचारला जातो. तिथली जनगणना वंश विचारत नाही, बोलली जाणारी भाषा विचारते. २०२४ च्या गणनेत सुमारे २५ टक्के लोकांनी तीनपैकी एखादी अमाझिग बोली सांगितली आणि नव्वदहून अधिक टक्क्यांनी दारजा सांगितली. बेरीज शंभराच्या पुढे जाते, कारण एक माणूस दोन भाषा बोलतो. अमाझिग संघटनांनी या आकड्यावर आक्षेप घेतला, तो वेगळा विषय. पण बेरीज शंभराच्या पुढे जाऊ देण्याचा प्रामाणिकपणा मला आवडला.

चौकटीशेजारच्या नकाशाबद्दलही एक. त्यात अल्जिअर्स शहर अरबांच्या रंगात आणि पूर्वेचा डोंगर बर्बरांच्या रंगात रंगवला आहे. प्रत्यक्षात पोटापाण्यासाठी डोंगर उतरलेल्या कबिलींची मोठी वस्ती राजधानीतच आहे. बाब अल-वेदच्या बाजारात मी अर्धा दिवस कबिली ऐकत हिंडलो आहे. तिथल्या एका खानावळीत शुक्रवारी कुस्कुस मिळे. रव्यावर पाण्याचा हबका मारून तळहाताने गोल गोल फिरवत दाणे पाडायचे आणि वाफवायचे, हे काम तिथली मावशी दाराशीच बसून करीत असे. त्याला कोणी ‘कस्कसू’ म्हणे, कोणी ‘सेक्सू’. २०२० मध्ये अल्जीरिया, मोरोक्को, ट्युनिशिया आणि मॉरिटानिया यांनी मिळून हा पदार्थ युनेस्कोच्या वारशाच्या यादीत घातला, तेव्हा तो अरब की अमाझिग हे लिहावे लागले नाही.

माझी विनंती एवढीच, की पुढच्या वेळी ‘अमाझिग’ असे छापावे, आणि पहिल्यांदा आल्यावर वाचकाच्या सोयीसाठी ‘ज्यांना बर्बर म्हटले जाते ते’ अशी जोड द्यावी. टक्केवारी द्यायचीच तर ती भाषेची आहे आणि अंदाजाची आहे, असे चौकटीतच लिहावे. जागा कमी असेल तर नकाशा काढून टाकला तरी चालेल.

आपला नम्र,
एक निवृत्त अभियंता, नाशिक